हात्सुएबाईंच्या बांधावर मोठी गाडी

८ ऑक्टोबर २०१३, मंगळवार

गेली व्हॅन! किकुची-सान पाठीवर झोपून खाली सरकले, हातोडीने टकटक करत पुढे गेले, आणि मागच्या चाकाजवळ हातोडी आरपार गेली. मला आधीच कळलं होतं. चांगला पत्रा टणटणतो, गंजलेला पुटपुटतो. आयटीआयला टर्नर होतो तेव्हापासूनचा माझा कान आहे, पत्रा मला फसवत नाही.

महिनाअखेरीस सरकारी तपासणी — शाकेन. किकुची-सान हात पुसत म्हणाले, "पास करून देता येईल. पण मग रोज सकाळी तुमची आठवण येईल मला. ते नको."

काय माणूस आहे! फुनाबोरीच्या गल्लीत एक शटर, आत एकटे. वय बहात्तर. नवीन गाडी गळ्यात मारायची एवढी चांगली संधी, आणि हे म्हणतात, "माझ्याकडे दोन उभ्या आहेत. दहा दिवस ही चालवा, थोडे दिवस ती. मग सांगा."

ही — म्हणजे केइ ट्रक. नंबराची पिवळी पाटी, इंजिन ६६० सीसी, मागे उघडा हौदा, साडेतीनशे किलो. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात असते ती. ती — म्हणजे थायलंडमध्ये बनलेली पिकअप. चार दारं, पांढरी, तीन हजार सीसीच्या वर, बॉनेट माझ्या छातीला लागतं. मी विचारलं, "हिच्यावर किती टाकता येतं?" म्हणाले, "कागदावर पाचशे." एवढा पहाड, आणि परवानगी पाचशेची!

घरी बायकोला, सुप्रभाला सांगितलं. म्हणाली, "मग त्यात निवडायचंय काय?" तिला काय कळणार! शेतापर्यंत जाऊन-येऊन रोजचे एकशे दहा किलोमीटर कोण चालवतं?

९ ऑक्टोबर, बुधवार

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

गाडीचा प्रश्न गाडीचा नाहीच. प्रश्न शेताचा आहे.

भूकंपाच्या वर्षी, अणुभट्टी फुटली तेव्हा, किरणोत्साराच्या भीतीने चिबाची भाजी कोणी हातात घेईना. तपासणीचे कागद होते, आकडे स्वच्छ होते, तरी बायका दुकानात जुडी उलटून गावाचं नाव वाचायच्या आणि खाली ठेवायच्या. मी कागद मागितले, वाचले, आणि तिथल्या शेतकरीण हात्सुएबाईंचा सगळा पालक उचलला. निशी-कसाईत राहणाऱ्या आपल्या भारतीय मंडळींना पालक हवाच होता. पुढच्या महिन्यात बाई म्हणाल्या, "तुमच्या देशाची भाजी लावून बघा, मला एकटीला एवढं शेत होत नाही." तिथून सुरुवात. आज मेथी, अंबाडी, भेंडी, प्लास्टिकघरात कढीपत्त्याची चाळीस झाडं. सगळं तोंडी. एक कागद नाही.

आता बाई ऐंशीच्या झाल्या. मार्चमध्ये नागोयाला मुलाकडे जाणार. शेताचं काय? मुलाच्या मनात सोलरवाल्यांना द्यायचं आहे. भूकंपानंतर जिथे तिथे त्या काळ्या काचा उगवल्या आहेत. वीस वर्षांचा करार, कोणाला घाम नाही. बाई आज मेथीच्या वाफ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "केंजी दोन नोव्हेंबरला येतोय. तो तुम्हाला बघेल. मग ठरवू, शेत कोणाला ते."

तो तुम्हाला बघेल! म्हणजे काय बघेल? मुलगा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. मी दारात काय घेऊन उभा राहतो, हे बघणारच की.

शेत गेलं तर सगळं गेलं. बारा वर्षांपूर्वी मशीन बसवायला आलो होतो, कंपनी परत गेली, मी राहिलो. बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता विकून धंदा उभा केला. आता पुन्हा कुंडी नको.

१२ ऑक्टोबर, शनिवार

लहानीचा, म्हणजे केइ ट्रकचा, तिसरा दिवस.

कौतुक करावं तेवढं थोडं! शेताकडे जाणारी वाट दोन मीटरची, एका बाजूला बांध उतरून पाण्याचा पाट, दुसऱ्या बाजूला शेजारच्या इशिगे-सानचा भुईमूग. लहानी त्या वाटेने जाते ती घरच्यासारखी. हौद्याच्या तिन्ही बाजू पडतात — क्रेट उचलायचं, ठेवायचं, कंबर वाकवायची गरज नाही. ज्याने ही काढली तो स्वतः कधीतरी क्रेट वाहिलेला असणार. टेबलाशी बसून असं सुचत नाही.

मेथी वजन करत नाही, जागा खाते. तीस क्रेट झाले, दोरी मारली, साडेतीनशेच्या जवळपाससुद्धा नाही.

पण हायवेवर! पाठ सरळ, गुडघे डॅशबोर्डला. ऐंशीच्या वर गेलं की इंजिन गयावया करतं. शेजारून ट्रक गेला की आपण अर्धा हात सरकतो. घरी आल्यावर मिनिटभर वाकलेलाच चालत होतो. आमची तन्वी बघून म्हणाली, "दासाई!" गाडीला म्हणाली की मला, विचारलं नाही. दासाई म्हणजे आपल्याकडचं गावठी. बारा वर्षांची मुलगी, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

टायफून येतोय. दुपारी परतताना वारा सुटला. चिबाच्या पुलावर लहानी अक्षरशः नाचली. दोन्ही हात स्टिअरिंगला, ओठांवर गणपती. मागे दोरी शीळ घालत होती. ती शीळ चढत गेली तसा वेग कमी करत गेलो. चाळीसवर आलो. मागच्या एकानेही हॉर्न वाजवला नाही! पुण्यात असतो तर आईवडिलांची आठवण करून दिली असती.

असं रोज? पन्नाशी जवळ आली.

१६ ऑक्टोबर

टायफून. घरीच. पाठ शेकली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नागोयाच्या नंदकिशोरला फोन केला. कंपनीत माझ्याबरोबर होता, आता कारच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या डिझाइन करतो. त्याच्या मते जगात दुसरं काही नाही.

म्हणालो, "नंदू, तुमच्या लायनीतला माणूस समोरच्याची गाडी बघतो का रे?"

"सद्या, आम्ही लग्नात नवरीच्या आधी गाडी बघतो."

"पिवळ्या पाटीची ट्रक बघून काय म्हणेल?"

"म्हणेल, भाजीवाला आला."

"अरे, मी भाजीवालाच आहे."

"मग तसा दिसू नकोस! तुला वीस वर्षांचं शेत मागायचंय. त्या सोलरवाल्यांची गाडी बघ, आणि तुझी बघ. मोठी घे. दारं लावताना आवाज ऐक — धप्प असा आला पाहिजे. ती बिजागरी चांगली."

आवाजाचं मला पटलं. बाकीचंही पटलं, खोटं कशाला लिहू.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मोठी आणली. धप्प! नंदू, आला आवाज.

आहाहा. हायवेवर दिवाणखान्यात बसल्यासारखं. ट्रक शेजारून जातात, ही ढिम्म. ऐंशी, शंभर — इंजिन खालच्या सुरात गुणगुणतं, आवाज चढवत नाही. घरी येऊन ताठ उतरलो. सुप्रभा खिडकीतून बघत होती. "सिनेमातले पुढारी उतरतात तसे उतरलात."

अडचणी आहेत. पार्किंगची आपली जागा चार मीटर ऐंशी, ही पाच मीटर. जागेत बसते याचा पोलिसांचा दाखला लागतो, त्याशिवाय गाडी नावावर होत नाही. किकुची-सानने टेप लावून वीस सेंटीमीटर दाखवले. "तुमचं मत काय?" म्हटलं. "मी मत देत नाही. गाडी चुकली तर गिऱ्हाईक गाडीला शिव्या देतं. मत चुकलं तर मला." हसलो दोघं. दुसरी जागा बघता येईल.

आणि शेताची वाट. आज डांबरी रस्त्यावर उभी केली आणि क्रेट हातगाडीवरून आणले. सात फेऱ्या.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सोलरवाले आले होते. दोन तरुण, सूट, रबरी बूट. मी मेथी बांधत होतो, त्यांना वाटलं मला भाषा कळत नाही. एक दुसऱ्याला म्हणाला, "आजी तयार आहे, मुलगा तयार आहे. फक्त या भाजीवाल्याबद्दल आजीला वाईट वाटतंय."

भाजीवाला! नंदूचाच शब्द.

मग त्यातल्या एकाने रस्त्यावरची माझी मोठी बघितली. "ही कोणाची?" "माझी," मी जपानीतच म्हणालो. चेहरा बघण्यासारखा झाला. कमरेत वाकला, माफी मागितली. तिथेच ठरवलं — मोठी घ्यायची.

सुप्रभाला म्हटलं, "ऐकलंस ना?" ती वाफ्यात बसली होती. "ऐकलं. तुम्हाला गाडीचं ऐकू आलं. मला 'वाईट वाटतंय' एवढंच."

२७ ऑक्टोबर, रविवार

आज अब्रू गेली. आणि माणसं बघितली! दोन्ही लिहितो.

दिवाळी पुढच्या रविवारी. निशी-कसाई, फुनाबोरी, सगळीकडून मागणी — कोथिंबीर, मेथी, भोपळे. पन्नास क्रेट. तेवढ्या फेऱ्या हातगाडीने कोण मारणार, म्हणून मोठी वाटेत घातली. पण खरं कारण ते नाही. खरं कारण — रविवार, सगळे शेतात होते, इशिगे-सान, पलीकडचे दोघं. बाईंच्या अंगणात ही उभी राहिलेली सगळ्यांनी बघावी.

आरसे दुमडले. सावकाश. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा. सुप्रभा मागून चालत होती, "अहो, नको, अहो." कालपर्यंत पाऊस. डाव्या मागच्या चाकाखालचा आवाज बदलला; गवत चिरडायचं थांबलं आणि फसफस आली. ऐकलं मी. थांबलो नाही. आणखी दोन मीटर — आणि बांध बसला. डावीकडून गाडी पाटात कलली, उजवं चाक हवेत.

इशिगे-सान धावले नाहीत. हातातलं काम खाली ठेवलं, चालत आले, आणि त्या चिखलात पोटावर झोपले. सत्तरीचा माणूस! गाडीखाली बराच वेळ बघितलं. उठून म्हणाले, "इंजिन बंद करा. सुप्रभा-सान, त्या बाजूला उभ्या राहा." मग कोणाला फोन. दहा मिनिटांत तीन केइ ट्रक उलट्या, मागे मागे येत, त्या दोन मीटरच्या वाटेवर रांगेत. फळ्या आल्या, भुईमूग झाकायच्या ताडपत्र्या आल्या, पट्टे आले. कोणी ओरडलं नाही. एकजण आकडे मोजत होता, बाकीचे त्याच्या आकड्यावर. दोन लहान्या एकामागे एक, चारही चाकांवर, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये — मुंगीच्या चालीने मोठीला ओढून बाहेर! त्या वेळी त्या दोन इंजिनांचा आवाज... हायवेवर गयावया करणारी ही नव्हेत. शांत, जाड आवाज. आपल्या कामाच्या जागी होती ती.

मी वाकून वाकून माफी मागत होतो. इशिगे-सान गाडीकडे बघतही नव्हते. पाटात उतरून त्यांनी कोसळलेल्या बांधावर हात ठेवला. "पाणी खाली तिघांच्या शेतात जातं," एवढंच म्हणाले.

एक शब्द दोषाचा नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

घरोघरी माफी मागायला गेलो, दोघं. इथली रीत — खोका घेऊन जायचं. मी स्टेशनवरचा महागातला केकचा खोका घ्यायला निघालो होतो. सुप्रभाने अडवलं. पहाटे उठून तिने शेंगदाण्याची चिक्की केली, दाणे इशिगे-सानच्याच शेतातले.

इशिगे-सानच्या बायकोने तुकडा तोंडात टाकला. "हे आमचे दाणे?" "तुमचेच." तिने आत हाक मारली, "अहो, या, आपले दाणे परदेशात जाऊन आले!" पाच मिनिटांत त्या दोघी स्वयंपाकघरात, गूळ कुठे मिळतो यावर. सुप्रभाचं जपानी व्याकरण लंगडं, पण ती कुठे अडत नाही. मी मात्र दारात उभा, बारा वर्षांची शुद्ध भाषा घेऊन.

इशिगे-सान म्हणाले, "परवा सकाळी सहाला बांध घालू. या."

३० ऑक्टोबर, बुधवार

सहाला गेलो, लहानी घेऊन. पाच जण आधीच होते. माती टाकायची, पाण्याचा हबका, पायांनी तुडवायची, पुन्हा माती. ओळीने उभं राहून, एका ठेक्यात. माझा ठेका आधी चुकत होता. मग कान दिला आणि जमलं.

विचारलं, "ही वाट थोडी रुंद का नाही केली कधी?" हात्सुएबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "रुंद करायची तर कोणाचं तरी शेत घ्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा हातगाडीची वाट होती. पहिली ट्रक आली तेव्हा दोन्हीकडच्यांनी सारखी सारखी जमीन सोडली. मोजून. म्हणून आजवर भांडण नाही."

सगळ्यांनी मिळून गाडी केवढी असायची ते ठरवलं होतं, मी यायच्या आधी! किती साधं. आणि मी चालवून बघत होतो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

किकुची-सानना सांगितलं, लहानी. पाठीचं काय, ते मीच काढलं. त्यांनी आत जाऊन जुन्या टॅक्सीची सीट आणली. "ही बसवतो. तीन सेंटीमीटर मागे सरकेल, त्याहून जास्त देव पण देणार नाही." मोठीच्या खालचा चिखल त्यांनी स्वतः धुतला होता. एक ओरखडा निघाला, त्याचं काही घेणार नाही म्हणाले. मी ऐकलं नाही.

उद्या केंजी-सान येणार. भाजीवाला दिसलो तर दिसलो.

२ नोव्हेंबर, शनिवार

आला. आणि ट्रेनने आला! स्टेशनवरून चालत. कुठल्याच गाडीकडे मान वळवली नाही. नंदू, तुझ्या तोंडात साखर नाही पडणार.

शांत माणूस, पन्नाशीचा, वडिलांचे जुने बूट घालून अख्खं शेत फिरला. प्लास्टिकघरात कढीपत्त्याचं पान चुरून वास घेतला. बांधाचा नवा तुकडा बघितला, त्यावर उभा राहून टाच मारली. मग आम्ही ओसरीवर बसलो. मी सगळं तयार ठेवलं होतं — किती भाजी जाते, कुठे जाते, मला कायमचा रहिवास आहे, गावच्या शेती समितीपुढे लागतील ते कागद.

त्याने ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"बर्फ पडला तर प्लास्टिकघरावरचा कोण झटकणार?"

"मी."

"तुम्ही फुनाबोरीत असता."

"पहाटे चारला निघेन."

"हायवे बंद असेल. बर्फ पडला की तो आधी बंद करतात." रागाने नाही, मला अवघड वाटू नये अशा आवाजात. "वडील रात्रीतून तीनदा उठायचे. दोनदा उठले त्या वर्षी प्लास्टिकघर बसलं. सोलरला बर्फाचं काही होत नाही. आई नागोयाला येऊन या शेताची काळजी करत बसणार असेल तर मला ते नको. एवढंच आहे माझं."

दोन्ही गाड्या डोळ्यांसमोर आणल्या. लहानी नाही, मोठी नाही — बंद हायवेवर दोन्ही सारख्याच उभ्या.

बरोबर बोलत होता. मुलगा असावा तर असा, हे मनात आलं, आणि शेत गेलं हेही.

येताना सुप्रभा वाटेतली शेतं बघत होती. नव्या सीटचं विचारलं तर "छान आहे".

३ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. चार पणत्या. मन नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

हात्सुएबाईंचा फोन. मला नाही, सुप्रभाला. शेत आपल्याला! दहा वर्षं, समितीचा शिक्का घेऊन. केंजी-सानची अट एक — मार्चपासून घर रिकामं होतंय, त्या घरात राहायचं. रोज ये-जा करणाऱ्याला शेत नाही.

मी विचार करतो म्हणेपर्यंत सुप्रभाने हो सांगून फोन ठेवलासुद्धा. ऑगस्टात भेंडीच्या तोडणीला मायलेकी आठवडाभर बाईंकडे राहिल्या होत्या, तेव्हाच बाई आणि सुप्रभा यांचं त्या घरात राहायचं बोलणं झालेलं. मुलाचं मन वळेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं म्हणे. तन्वीने तिथली शाळासुद्धा बघून ठेवली आहे.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गाडी निवडत होतात."

बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारापासून मेथीच्या पहिल्या वाफ्यापर्यंत चाळीस पावलं आहेत. तिने मोजली आहेत.